नोकऱ्या वाटण्याआधी आमची बिले द्या: गोव्याच्या चाळीस आमदारांना खुले पत्र

प्रति,
गोवा विधानसभेचे सर्व चाळीस सन्माननीय सदस्य,
पर्वरी.

सप्रेम नमस्कार.

डिचोली तालुक्यात माझे फॅब्रिकेशनचे, म्हणजे लोखंड-पत्रा कापून-जोडून वस्तू बनवण्याचे, छोटे वर्कशॉप आहे. मला धरून तिथे नऊ माणसे काम करतात. गेल्या महिन्यापर्यंत आम्ही दहा होतो. दहावा मुलगा कामावर यायचा थांबला, त्या दिवसापासून हे पत्र मनात घोळते आहे. ते सत्तेत बसलेल्यांना आहे तसेच विरोधात बसलेल्यांनाही आहे. रोजगाराचा विषय निघाला की दोन्ही बाकांवरून एकच बोलणे ऐकू येते: सरकारी पदे किती भरणार, कधी भरणार आणि आमच्या मतदारसंघातली किती मुले घेणार.

तो मुलगा आयटीआय करून आमच्याकडे आला. पहिले सहा महिने त्याने ग्राइंडर सोडून काही धरले नाही. मग आर्गनवर, म्हणजे आर्गन वायू वापरून करायच्या वेल्डिंगवर, बसला. दोन मिलिमीटरच्या स्टेनलेस पत्र्याला आर्गनने जोड देणे हे सगळे हाताचे काम. डाव्या हातात फिलरची काडी, उजव्यात टॉर्च. हात थबकला की पत्र्याला भोक पडते, घाई केली की जोड धरत नाही. श्वाससुद्धा बेताने घ्यावा लागतो. दीड वर्षात त्याचा जोड माशाच्या खवल्यांसारखा एकावर एक बसायला लागला. काजूच्या कारखान्यासाठी आम्ही ट्रे आणि टाक्या बनवतो. तिथला मालक त्याच्या जोडावरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, याला पॉलिश नको, असाच राहू दे.

आता तो एका सरकारी कचेरीत कंत्राटावर आहे. फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेतो. माझ्याकडे मिळायचा त्यापेक्षा पगार कमी आहे आणि कायम होण्याची खात्री नाही. त्याचे वडील नारळ घेऊन मला सांगायला आले. "भाऊ, राग मानू नका. सरकारी म्हळ्यार सरकारी," म्हणाले. "सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न तोच विचारतात."

मला राग आला नाही, कारण हे गृहस्थ काय बघून बसले आहेत ते मला ठाऊक आहे. खाणीवरचे खनिज वाहणारा त्यांचा स्वतःचा टिप्पर होता. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून न्यायालयाने परवानगी दिली. टिप्पर पुन्हा रस्त्यावर यायला आणखी वेळ गेला. मग ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने खाणींच्या ८८ लीजांचे (भाडेपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्चपासून सगळे परत ठप्प. कर्जाचे हप्ते तेवढे चालू होते. ज्या माणसाने सहा वर्षांत दोनदा आपला रोजगार एका रात्रीत गेलेला पाहिला, तो मुलाला सरकारी कचेरीच्या सावलीत बसवणारच.

माझेही तेच झाले. २०१२ पूर्वी माझ्याकडे चौदा माणसे होती आणि सगळे काम टिप्परचेच: हौदे, मागचे फाळके, चॅसीला गेलेले तडे. खाणी थांबल्यावर चौदाचे तीन झालो. तरी मी न्यायालयाला दोष देत नाही. बेकायदा उत्खननाने सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज शहा आयोगाने दिला होता, आणि आमच्या भागातल्या ओहोळांत आणि शेतांत चिखल कसा उतरला ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा खासगी तेवढे सोन्याचे आणि सरकारी तेवढे मातीचे, असे माझे म्हणणे मुळीच नाही.

उलट सरकारी पैशाने रोजगार उभा राहतो हे मी मानतो, कारण मी त्याच पैशावर वाढलो. भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक. डिसेंबर १९६३ मध्ये ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि वाड्यावाड्यांवर मराठी शाळा उघडल्या. माझी आई त्यातल्याच एका शाळेत अक्षर गिरवायला शिकली, आणि पुढे आमच्या वर्कशॉपचा जमाखर्च तिनेच वीस वर्षे लिहिला. त्या शाळांवर झालेला खर्च मास्तरांच्या पगारावर संपला नाही. त्यातून हिशेब करणारी, पत्र लिहिणारी, दुकान चालवणारी एक पिढी तयार झाली.

सत्तरीतल्या होंड्याला बसगाड्यांच्या बॉडी बांधणारी ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा ही कंपनी १९८० मध्ये निघाली. एका बाजूला टाटा, दुसऱ्या बाजूला सरकारचे आर्थिक विकास महामंडळ. सरकारने भांडवल घातले, कारखाना उद्योगाने चालवला, आणि सत्तरी-डिचोलीतल्या कितीतरी मुलांनी पत्रा कापायला, रिव्हेट मारायला तिथे शिकून घेतले. वास्कोचे गोवा शिपयार्ड तर केंद्र सरकारचेच. जुलै २०२४ मध्ये तिथून नौदलाची त्रिपुट ही युद्धनौका पाण्यात उतरली. मागणी सरकारची, पैसा सरकारचा, पण त्या पैशासाठी पोलाद कापावे लागले, जोडावे लागले, तपासून घ्यावे लागले. अशा खर्चातून पगाराबरोबर हातात हुन्नर येतो.

माझे सारे म्हणणे यावर येऊन थांबते. सरकारी तिजोरीतला रुपया दोन वाटांनी रोजगार देतो. एक वाट आमदारांच्या शिफारशीतून जाते आणि एका घरात संपते. दुसरी वाट बस, वीज, शाळा, प्रशिक्षण, वेळेवर चुकते होणारे बिल यांतून जाते आणि दहा घरांत पोचते. पहिल्या वाटेवर तुमचे नाव लागते, दुसऱ्या वाटेवर कुणाचेच लागत नाही. म्हणून दुसरी ओस पडली आहे. माझ्या तक्रारी त्या ओस पडलेल्या वाटेबद्दल आहेत.

पहिली तक्रार तुमच्या शब्दाबद्दल. केंद्राच्या श्रमशक्ती पाहणीत २०२३-२४ साली गोव्यातला बेरोजगारीचा दर ८.५ टक्के निघाला, देशाचा ३.२. बाहेरच्या माणसाला वाटेल गोव्यात कामच नाही. काम आहे. माझ्याकडे आहे, माझ्या शेजारच्या शेडमध्ये आहे, कुंडई-वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतींत आहे. आमच्याकडचा बेरोजगार हा पुष्कळदा वाट पाहणारा असतो. एम्प्लॉयमेंट कार्ड जिवंत ठेवायचे, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला तयार ठेवायचा, एलडीसीची, म्हणजे कनिष्ठ कारकुनाची, जाहिरात आली की फॉर्म भरायचा आणि शनिवारी-रविवारी आमदारांच्या घरी जाऊन बसायचे. वयाची अट ४५ पर्यंत आहे, म्हणजे पंचविशीतल्या मुलाला वाट पाहायला वीस वर्षे मोकळी. ही वीस वर्षे त्याने हुन्नर शिकण्याची असतात. तुमच्या ओसरीवर बसलेल्या मुलाला तुम्ही "बघूया" म्हणता. तुमच्या दृष्टीने तो एक शब्द असेल. तो मुलगा त्या शब्दावर दोन वर्षे काढतो.

याच वाट पाहण्यातून २०२४ च्या अखेरीस जे बाहेर आले, ते आठवले की अजून पोटात कालवते. सरकारी नोकरी लावतो म्हणून लोकांकडून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणे एकामागून एक पोलिसांत गेली, अटका झाल्या. पैसे देणाऱ्यांना लोभी म्हणून मोकळे होता येईल. पण नोकरी कुणाच्या तरी हातात असते आणि तो हात धरावा लागतो, हे त्यांना कुणी शिकवले? कर्मचारी निवड आयोगाचा कायदा २०१९ चा. त्या आयोगामार्फत प्रत्यक्ष भरती सुरू व्हायला काही वर्षे गेली. आता संगणकावर परीक्षा होतात, ही चांगलीच गोष्ट आहे आणि ती केल्याबद्दल मी सरकारला श्रेय देतो. पण मागच्या दाराने कंत्राटी आणि रोजंदारी नेमणुका होत राहिल्या, तर पुढच्या दारावरच्या परीक्षेला काय अर्थ राहिला? माझा वेल्डर काही परीक्षा देऊन गेलेला नाही.

दुसरी तक्रार माझ्या खिशाची आहे, आणि तिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

एका सरकारी इमारतीच्या जिन्यांचे आणि गॅलऱ्यांचे रेलिंग आम्ही केले. मुदत चतुर्थीच्या आधीची होती. आम्ही रात्री जागून, रविवारीही काम करून ते बसवले. इंजिनिअरने मापे घेतली, माप पुस्तकात नोंद झाली, बिल गेले. त्यानंतर चौदा महिने मी त्या कचेरीच्या पायऱ्या चढलो. कधी फाईल हिशेब विभागात, कधी निधी आलेला नाही, कधी मार्चनंतर या, कधी सही करणारे साहेब रजेवर. कुणी माझ्याकडे लाच मागितली नाही, हे मुद्दाम सांगतो. सगळे चांगले बोलले, एकदा चहासुद्धा दिला. फक्त पैसे दिले नाहीत.

त्या चौदा महिन्यांत पत्र्याच्या व्यापाऱ्याला मी थांबवू शकलो नाही. गॅसच्या सिलिंडरवाल्याला थांबवू शकलो नाही. बँकेच्या ओव्हरड्राफ्टवर व्याज चढत राहिले. त्याच सुमारास आमच्याकडे आणखी एक फिटर घ्यायचा ठरला होता. पिसुर्ल्याकडचा मुलगा, दोन दिवस काम करून दाखवून गेलेला. त्याला मी पुढच्या महिन्यात ये म्हटले, मग त्याच्या पुढच्या महिन्यात ये म्हटले. तिसऱ्यांदा त्याचा फोन आला तेव्हा तो बोटीवर लागण्याच्या खटपटीत होता. आमच्या गोव्यात काम नाही म्हणून मुले आखातात आणि बोटीवर जातात, असे भाषणांत ऐकतो. हा मुलगा गेला तो एका न भरलेल्या बिलापायी. त्या बिलाची रक्कम त्याच्या वर्षाच्या पगाराहून जास्त होती.

लहान उद्योगाचे देणे ४५ दिवसांत चुकते करावे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज द्यावे, असे २००६ चा केंद्राचा कायदा सांगतो. दाद मागायला परिषद आहे. मी अर्ज का केला नाही, असे तुम्ही विचाराल. कारण पुढचे टेंडर त्याच कचेरीतून निघणार होते आणि नऊ घरांतल्या चुली माझ्याकडे बघून पेटतात. छोट्या माणसाला कायद्याने हक्क दिला, तो वापरायची ताकद दिली नाही.

तिसरी तक्रार वसाहती आणि बस यांची. २०२४ मध्ये वेर्ण्याच्या एका औषध कंपनीने गोव्यातल्या जागांसाठी मुलाखती महाराष्ट्रात ठेवल्या, तेव्हा मोठा गदारोळ झाला. तो योग्यच होता. गोव्याची जमीन, गोव्याचे पाणी वापरायचे आणि गोव्याच्या मुलाला दारातही उभे करायचे नाही, हे चालणार नाही. कंत्राटदारामार्फत माणसे घ्यायची, अकरा महिन्यांनी तोडायची, पुन्हा घ्यायची, ही खोड मोठ्या कंपन्यांना आहे. त्यावर बोट ठेवायला तुम्ही कचरू नका. पण दुसरी बाजूही बघा. सत्तरीतल्या आतल्या गावातून वेर्ण्याला कामाच्या पाळीवर जायचे तर मुलीने निघावे कधी आणि दुसरी पाळी सुटल्यावर घरी पोचावे कसे? कंपनीची बस हमरस्त्यावर सोडते. पुढचे चार-पाच किलोमीटर रात्री अकरा वाजता तिने काय करायचे? बाहेरून आलेला कामगार वसाहतीला लागून खोली घेतो, म्हणून तो वेळेवर हजर असतो. मग कंपनी म्हणते गोंयकार येत नाहीत, आणि आपण म्हणतो कंपनी घेत नाही. मधला दुवा रात्रीच्या एका बसचा आहे. त्या बसवर होणारा सरकारी खर्च दहा कंत्राटी नेमणुकांपेक्षा जास्त लोकांना कामाला लावेल.

विजेचे मी थोडक्यात सांगतो. आर्गनचा जोड चालू असताना वीज गेली की तो जोड गेला, कापून पुन्हा करावा लागतो. पावसाळ्यात आम्ही आकाशाकडे बघून मशीन चालू करतो.

चौथी तक्रार शिक्षणाची. शिकाऊ उमेदवारांच्या विद्यावेतनातला काही भाग, महिना दीड हजार रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. मोठ्या कारखान्यात त्यासाठी वेगळा माणूस बसवलेला असतो. माझ्याकडे पोर्टल भरायला मीच, जोड तपासायला मीच आणि गिऱ्हाइकाशी बोलायलाही मीच. वर्कशॉपवाल्याला हे सोपे करून दिले तर आम्ही आणखी मुले शिकवू. आयटीआयमधून येणारा मुलगा साध्या आर्क वेल्डिंगवर हात बसवून येतो, पण आर्गनवर त्याने पुरेसे तास काढलेले नसतात, कारण गॅस महाग आणि पत्रा महाग. तिथे पैसा घाला. ज्या तालुक्यांतून खनिज गेले, त्यांच्यासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी आहे, आणि कौशल्य प्रशिक्षण हे त्याच्या प्राधान्याच्या कामांत नियमानेच बसते. टिप्परवाल्याच्या मुलाला वेल्डिंगचा गॅस त्या पैशातून मिळणे याहून रास्त काय असेल?

आणखी एक गोष्ट विचारायची आहे. २०१४ च्या गुंतवणूक धोरणात पाच वर्षांत २५ हजार कोटींची गुंतवणूक आणि ५० हजार नोकऱ्या असे उद्दिष्ट लिहिले होते. ती पाच वर्षे कधीच उलटली. मोपाचा विमानतळ आला, त्याच्यासाठी पेडण्यातल्या लोकांच्या जमिनी गेल्या. त्या प्रत्येक शब्दामागे किती गोंयकारांना, कोणत्या पदावर, किती पगारावर काम मिळाले, याचा हिशेब आम्हाला एका कागदावर कधी मिळाला नाही. मी दहा किलो पत्रा आणला तरी वहीत लिहितो.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

सरकारकडून येणे असलेले लहान उद्योगांचे प्रत्येक बिल, ते कोणत्या टेबलावर किती दिवस आहे यासह, सर्वांना दिसेल असे जाहीर करा. ४५ दिवस उलटले की व्याज आपोआप लागू द्या. ते मागायला आम्हाला अर्ज करायला लावू नका.

कंत्राटी, रोजंदारी, कोणत्याही नावाची सरकारी नेमणूक परीक्षेशिवाय होणार नाही, असे सभागृहात उभे राहून एकमताने ठरवा. चाळीसच्या चाळीस जणांनी हात वर करावेत.

औद्योगिक वसाहतींच्या पाळ्या सुटण्याच्या वेळा गोळा करा आणि त्या वेळांना जोडून आतल्या गावांपर्यंत बस सोडा. सुरुवात सत्तरी आणि सांग्यापासून करा.

दहापेक्षा कमी माणसे असलेल्या वर्कशॉपसाठी शिकाऊ उमेदवारांची कागदपत्रे आयटीआयनेच भरावीत. खनिज निधीतून खाणपट्ट्यातल्या आयटीआयना गॅस, पत्रा आणि आर्गनची मशीने द्या.

सवलत किंवा जमीन घेतलेल्या प्रत्येक कंपनीने दरवर्षी किती स्थानिक कायम केले, तो आकडा अधिवेशनात पटलावर ठेवा. शब्द पाळला नाही तर सवलत परत घ्या.

यात नवीन कर नाही, नवीन खाते नाही, नवीन महामंडळ नाही. पुढच्या अधिवेशनात तुमच्यापैकी एकाने तरी यातला एक प्रश्न विचारावा, मी त्या दिवशी वर्कशॉप बंद ठेवून प्रेक्षक कक्षात येऊन बसेन.

तो मुलगा परत येईल अशी माझी अपेक्षा नाही आणि त्याचे वाईट व्हावे असेही वाटत नाही. त्याचे वेल्डिंगचे हेल्मेट अजून खिळ्यावर टांगलेले आहे. आतल्या पट्टीवर त्याने पांढऱ्या मार्करने आपले नाव लिहिले होते, ते मी पुसलेले नाही. पण ते हेल्मेट कुणाच्या तरी डोक्यावर यायला हवे. हे पत्र वाचणाऱ्यांत कुणाचा मुलगा किंवा मुलगी असेल तर पाठवा. एक आर्गन वेल्डर आणि एक फिटर हवा आहे. येत नसेल तर शिकवीन. पगार सात तारखेला, पीएफसह. शिफारसपत्र आणू नये.

आपला नम्र,
डिचोली तालुक्यातील एक फॅब्रिकेटर